डावा कौल

देवीवर माझा विश्वास कमी नव्हता, अक्कल कमी होती. हे आधीच सांगून टाकतो.

मी बेळगावजवळच्या कंग्राळीचा, शाळेत मास्तर. आईमागं मला वाढवलं ते थोरल्या आक्कानं. गेल्या वर्षी तिच्या पायांवर जांभळे ठिपके उठू लागले, सांधे धरले, तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासायची चिठ्ठी दिली. ती ग्रामदेवीपुढं ठेवून मी कौल लावला. फूल डावीकडं पडलं, म्हणजे नकार. झालं! चिठ्ठी देव्हाऱ्यात गेली, आणि देवीचा कोप उतरावा म्हणून आक्काला मी अनवाणी मंगळवार धरायला लावले. आठ महिने. खरं सांगू? तपासणीला मीच भ्यालो होतो. माझी भीती मी देवीच्या तोंडी घातली.

एका मंगळवारी रांगेत मागं उभ्या अनोळखी बाईंची नजर आक्काच्या उघड्या पायांवर गेली. त्या खाली बसल्या, ठिपका अंगठ्यानं दाबून पाहिला. "नर्स होते मी. लघवीला फेस येतोय काय गं?"

"व्हय," आक्का म्हणाली. मला हे ठाऊकच नव्हतं! "देवीचा कोप हाय, म्हणून मंगळवार धरल्यात," मी म्हणालो.

"अण्णा, ह्यो कोप न्हाय, रगताचा आजार हाय. आजच न्या."

"पण कौल डावा आलता."

"मग देवीनंच मला तुमच्या मागं उभं केलंय म्हणा की!"

दर्शन तसंच टाकून आम्ही बेळगावला गेलो. हेपटायटिस सी निघाला, रक्तातून पसरणारा यकृताचा विषाणू. आक्काला बाळंतपणात रक्त चढवलं होतं, बहुतेक तेव्हाचा. यकृत अजून बरं होतं, पण त्या विषाणूपायी रक्तवाहिन्या सुजून नसा आणि किडन्या धरल्या होत्या. तीन महिने गोळ्या चालल्या, सुजेवरचं औषध वेगळं. विषाणू गेला, किडन्या वाचल्या. तळपायांची जाणीव मात्र परत आली नाही. "लवकर आला असता तर," एवढंच डॉक्टर म्हणाले.

त्या बाई पुन्हा दिसल्या नाहीत. आक्का मला एका शब्दानं बोलली नाही. "तुला तरी काय ठावं रं," म्हणाली, तेच जास्त लागलं.

कौल आता लावत नाही. देवीवर भार टाकायचा म्हणजे डोळे मिटायचे नव्हेत, हे कळायला मला आक्काचे पाय खर्ची घालावे लागले. तरी आक्का आहे, ही देवीचीच कृपा. आम्ही अजून मंगळवारी जातो. उन्हात देवळाची फरशी तापते, आक्काला कळत नाही. आधी मी पाय ठेवतो.

"तापलंय काय रं?" ती विचारते.

"तापलंय गं, थांब," म्हणतो, आणि टॉवेल भिजवून तिच्या पायांखाली अंथरतो.