कुंदाताईंच्या वर्गाचा उंबरठा

कुंदाताई पुराणिकांनी पहिल्याच भेटीत मला वर्गाबाहेर बसवलं. ह्यांची बदली झाशीला झाली होती आणि तिथल्या प्रेम नगरमधल्या एका छोट्या इंग्रजी शाळेत मला नोकरी लागली होती, त्या दिवसाची ही गोष्ट. वरच्या मजल्यावर पहिलीचा वर्ग होता. दारात जाऊन मी "आत येऊ का?" असं विचारेपर्यंत दोन वेण्यांची एक चिमुरडी पुढे आली आणि बाहेरच्या स्टुलाकडे बोट दाखवून म्हणाली, "मैम जी, आप पहली बार आई हैं. यहाँ बैठिए." मी बसले. पाणी आलं, हातावर बत्तासा आला आणि आतून अख्खा वर्ग ओरडला, "अ टीचर हॅज कम!" मग मला व्हरांड्याच्या टोकापर्यंत पिटाळण्यात आलं. परत आले तर सगळी उभी राहून ओरडली, "द टीचर हॅज कम!" आणि थेट फळ्यापाशी खुर्ची मिळाली. नाशिकला बीएड करताना असला पाठ मी पाहिला नव्हता. तोंडात बत्तासा असल्यामुळे काही बोलताही येईना.

ताई साठी ओलांडलेल्या, किडकिडीत, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेल्या. त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या काळात कोकणातून इकडे कारभारी म्हणून आलेले. मराठी घरातली जुनी, पण त्यात हिंदी अशी मिसळलेली, की कुठलं कुठे संपतं ते कळू नये. मधल्या सुट्टीत मी त्या स्टुलाचं विचारलं तर म्हणाल्या, "आमच्याकडे हाच रिवाज आहे, बेटा. अनजान माणूस आला की ओसरीवर. पाणी द्यायचं, काही गोड द्यायचं, गाव कुठलं, कुणाचे तुम्ही, ते विचारायचं. दुसऱ्यांदा आला की सरळ चुलीपाशी. 'अ' म्हणजे ओसरीवरचा, 'द' म्हणजे घरातला. ह्यात मुश्कील काय आहे?"

मला खोड काढायची हुक्की आली. "मग सूर्याला पहिल्यापासूनच 'द' कसं काय?"

"सूरज रोज येतो. त्याला काय स्टुलावर बसवणार तू?"

गंमत म्हणजे ताई स्वतः इंग्रजी बोलायच्या ती ही आर्टिकलं पार वाऱ्यावर सोडून. प्राचार्यांना बिनदिक्कत सांगायच्या, "सर, आय ॲम गोइंग टू बँक, गिव्ह हाफ डे." मी एकदा हळूच सुचवलं, तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अगं, परीक्षा मुलांची आहे. मी काय पहिलीत आहे?"

एकदा खिडकीतून माकड आत शिरलं. मुलं बाकांवर चढली, पण किंचाळली ती "अ मंकी! अ मंकी!" अशी. माकड पळालं. थोड्या वेळाने तेच परत आलं, तर सगळ्यांनी एका सुरात "द मंकी!" केलं. ताईंना एवढा आनंद झाला, की त्याला हाकलायचंच राहिलं आणि ते त्यांचा पोळीभाजीचा डबा घेऊन गेलं. दुपारी माझ्या डब्यातली उसळ खाताना त्या म्हणत होत्या, "डबा गेला तो गेला. पण एकानेही चुकवलं नाही बघ!"

असं सगळं छान चाललं असताना शाळेचा कारभार मालकांच्या मुलाकडे आला. हे नीरजजी दिल्लीत शिकून आलेले. पहिलीच्या वर्गात मोठा पडदा लावायचा, त्यावर इंग्रजीचे तयार धडे दाखवायचे आणि ताईंना 'आराम' द्यायचा, असा त्यांचा बेत होता. सोमवारी वर्ग बघून ते काय ते ठरवणार होते. ताई एकट्या राहायच्या. "घरी बसून करू काय मी? भिंतींना शिकवू?" एवढंच म्हणाल्या आणि उठून हात धुवायला गेल्या. बराच वेळ परत आल्या नाहीत.

मी विनवून सांगितलं, "ताई, सोमवारी तरी ते स्टूल नको."

"का? तो पहिल्यांदाच येतोय ना?"

सोमवारी नीरजजी आले, मागे घाम पुसत प्राचार्य. वेण्यावालीने मालकाला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, बत्तासा दिला. "अ सर हॅज कम!" वर्ग दणाणला. "अब जाके फिर आइए," ती म्हणाली. नीरजजी उठले, व्हरांड्यातून गेले, तसेच खाली उतरले, गाडीत बसले आणि निघून गेले.

मुलं दाराकडे डोळे लावून बसली. ताई हातात खडू धरून उभ्या. "आएँगे, बेटा," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मुलांनी पुढचं वाक्य मागितलं, तर म्हणाल्या, "मेहमान लौटे बिना आगे कैसे पढ़ाऊँ?" आणि सरळ गाणी घेतली. स्टाफरूममध्ये निरोपसमारंभाची कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, संपलं सगळं. हट्टी बाई, आपल्याच हाताने घालवलं.

बुधवारी नीरजजी एकटेच आले आणि दारात घुटमळत उभे राहिले. झालं होतं असं, की त्यांनी घरी ही स्टुलाची गंमत हसत हसत सांगितली आणि जवळच्या टहरौली गावातून आलेल्या त्यांच्या आई भडकल्या. "पानी पी कें देहरी सें लौट आए? उनके घर में का कमी हती?" कुणाच्या दारात पाणी प्यायचं, गोड खायचं आणि आत पाऊल न टाकता निघायचं, म्हणजे त्या घराचा अपमान. परत जाऊन येईपर्यंत त्या मुलाशी बोलायला तयार नव्हत्या. "अम्मा ने भेजा है, मैम," मान खाली घालून मालक म्हणाले.

"द सर हॅज कम!" ह्या वेळी छपरावरची पाखरं उडाली असतील. नीरजजी लहान बाकावर गुडघे दुमडून घंटा होईपर्यंत बसले आणि मुलांबरोबर उत्तरं देऊ लागले. त्यातली काही चुकली, मुलांनी ती सुधारली. पडदा शाळेत आला, पण मोठ्यांच्या वर्गात लागला. पहिली ताईंकडेच राहिली.

आणि वर्षअखेरीला ताईंनी स्वतःच राजीनामा दिला. मी भर स्टाफरूममध्ये त्यांच्याशी भांडले. एवढं झाल्यावर हे काय? त्या शांतपणे पिशवी भरत होत्या.

"अगं, तेव्हा मला काढत होते, म्हणून अडून बसले. गुडघे तर तेव्हाच गेले होते, वर्षभर हा जिना कशी चढले ते माझं मला ठाऊक. आता मला कोणी जा म्हणत नाही. म्हणून जाते."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त माया आली. मी रडायला लागले.

"रडतेस काय, पागल," कुंदाताई म्हणाल्या. "हात दे, उतरायचंय मला."