मोठ्या आईचे चार दिवस

काही आठवड्यांपूर्वी बाबांचा फोन आला, तेव्हा मी नागपुरात बेसाच्या खोलीवर कॉलेजला निघायच्या तयारीत होते. "मोठी आई गेली... झोपेतच. काही तरास नाई झाला." मोठी आई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची, मोठ्या बाबांची बायको. रडू आलं, पण तिला त्रास झाला नाही हे ऐकून जीव थोडा हलकाही झाला. असं लिहावं की नाही, मला कळत नाही.

नरखेड तालुक्यात आमचं एकत्र घर आहे, संत्र्यांचा बगीचा आहे. सगळ्यांचा स्वयंपाक मोठ्या आईकडे. पाळीचे चार दिवस मात्र ती मागच्या पडवीत चटईवर बसायची, आणि चूल माझ्या आईकडे यायची. तिचा पोचा पडलेला स्टीलचा गिलास वेगळा, कोनाड्यात ठेवलेला. त्याला कोणी हात लावायचं नाही. लहानपणी मला तिची दया यायची.

दोन वर्षांपूर्वी अंगातून सारख्या वाफा निघतात म्हणून मोठे बाबा तिला धरमपेठेतल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन आले. परतताना दोघं माझ्या खोलीवर थांबले. मोठे बाबा दूध आणायला खाली उतरले, तशी ती हळूच म्हणाली, "त्या बाई मेनोपॉज म्हने. त्याच्यात रोग आहे का वं?"

घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून असे प्रश्न माझ्याकडे येतात. मलाही नीट माहीत नव्हतं. मोबाइलवर शोधून तिला सांगितलं... फ्रान्समधल्या एका डॉक्टरने दोनशेक वर्षांपूर्वी जुन्या ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडले, महिना आणि थांबणं. महिन्याची पाळी कायमची थांबणं, एवढाच अर्थ.

"रोग नाई?"

"नाही."

"म्हातारी?"

"तेही नाही त्यात."

तिने मोठा श्वास सोडला. मग म्हणाली, "थांबून साल होऊन गेलं. तरी मी दर महिन्याले पडवीत बसून राहिली."

"काहून?"

"काहून म्हंजे? चार दिवस कोनी भाकर मागत नाई मले. पाळी गेली म्हनून सांगतलं का गेला माह्या आराम."

मला हसू आलं, आणि अर्ध्यातच थांबलं. "मग सांगूनच बस ना," मी म्हटलं. ती ऐकेल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात मी गावी होते. तिने पडवीत चटई टाकली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माही पाळी गेली. पन चार दिवस मी बसनारच."

"मंग सयपाक कोन करन?" मोठे बाबा म्हणाले.

"तुमचे हात का विटाळले?"

त्या दिवशी आईही चुलीकडे फिरकली नाही; बाबांनी आणि मोठ्या बाबांनी मिळून भाकरी जाळल्या. मोठी आई चटईवर बसून खात होती. "कच्ची आहे," म्हणाली, "पन गरम आहे." पुढे दर महिन्याला ती तशीच बसली, शेवटपर्यंत.

परवा गावी गेले. चुलीशी मोठे बाबा होते. पडवीतल्या त्याच चटईवर माझी आई पाय पसरून बसली होती. तिची पाळी नव्हती. मोठ्या बाबांनी कोनाड्यातला तो गिलास काढला, धुतला, त्यात चहा ओतला. भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, म्हणून ते आईशी थेट बोलत नाहीत. गिलास माझ्या हातात देत म्हणाले, "तुह्या आईले दे. उठू नोको म्हनाव... अजून दोन दिस आहेत."