सावलीत सुकणारी माती

आज कुरकुंभला आमच्या कंपनीच्या गेटवर माळीमामांनी कुंडीतली ओली माती वर्तमानपत्रावर पसरली होती. त्या वासानं मी थेट शिरूरच्या कॉलेजात, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात पोचले.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमच्या संशोधनासाठी वडगाव रासाईच्या उसातली माती मी आणि मॅडमनी मिळून आणली होती. मी ती उन्हात पसरायला निघाले.

"अगं, सावलीत! घाई केली की सगळं चुकतं," मॅडम हसल्या. "पुढच्या वर्षी पेपर लिहू. तुझंही नाव घालू."

मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. सुट्टीनंतर त्यांना परत बोलावलंच नाही. माती कागदावरच राहिली.

मघाशी कंपनीच्या लॅबमधली नवी पोरगी मला म्हणाली, "ताई, मला बी हे मशीन शिकवाल का?"

"शिकवीन की, पुढच्या महिन्यात," मी हसून म्हणाले.

माझं कंत्राट या महिन्यात संपतंय. मॅडमनाही तेव्हा माहीत असणार.