खाडीकाठचं खालचं घर

कोकणातल्या माणसानं मला खाऱ्या विहिरीचं घर गळ्यात मारलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. पंचाहत्तरी उलटली, आता खरं लिहून ठेवतो.

बालाघाटकडच्या उकव्याच्या खाणीतून निवृत्त झाल्यावर मला समुद्राजवळ घर हवं होतं. डॉक्टरांनीच तिकडची हवा सुचवली आहे, असं मी धाकट्या बहिणीला सांगितलं. डॉक्टर तसं काही बोलले नव्हते. बहीण विधवा, मूलबाळ नाही. गावच्या घरात राहायची आणि आम्हा दोघांच्या नावावरची धानाची जमीन कसायची. वर बोडी, म्हणजे लहानसं तळं. त्याचं पाणी आपोआप आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात उतरायचं. घर आणि जमीन विकायचं म्हटल्यावर तिनं एवढंच विचारलं, "मंग मी कुठी राहू, भाऊ?"

"तिथल्या घरात एक खोली तुई. रोज समुद्र पाहशीन."

"समुद्र काय चाटाचा हाय मले?"

तरीही रजिस्ट्रीला येऊन तिनं सही केली. थोरल्या भावाला नाही म्हणायचं नसतं, असं तिला आम्हीच शिकवलं होतं.

विकणाऱ्यानं दोन घरं दाखवली. एक वर चढावर, दुसरं खाली, खाडीला लागून. तो स्वतःच म्हणाला, "काका, वरचं घ्या. खालच्या आवारात उधाणाचं पाणी येतं. विहीर खारट होते."

मी हसलो. "पानी येते, अन् नको म्हनता? आमच्याकडे असल्या जागेसाठी डोस्के फुटतात."

आमच्याकडे पाणी उतरतं ती खालची जमीन मोलाची, चढावरची गरिबाची. वाटलं, चांगली जागा हा स्वतःसाठी राखतोय. ओहोटी होती, खाडी वैनगंगेसारखी निमूट दिसत होती. विहिरीचं पाणी चाखूनसुद्धा न पाहता मी खालचंच घर घेतलं.

आम्ही दोघं राहायला गेलो. अमावास्येच्या उधाणाला खाडी आवारात आली. बहिणीनं लावलेली वांगी आठवड्यात करपली. विहिरीचं पाणी तोंडात घेऊन ती थुंकली.

"हे पानी हाय का लोनच्याचा खार? त्यानं सांगतलं नाई तुले?"

"नाई," मी म्हणालो.

दोन वर्षांत ते घर मातीमोल विकून परतलो. गावची जमीन परत मिळणार नव्हती. आता बालाघाटात भाड्याच्या दोन खोल्या आहेत. बहीण रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, मजुरीनं जाते. एकदा आमच्याच बांधीत दुसऱ्याचं धान रोवून आली. त्या रात्री जेवली नाही, खाडीवाल्याला शिव्या देत बसली.

गेल्या आठवड्यात ती तांदूळ निवडत असताना सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले.

"म्हनजे त्यानं सांगतलं होतं?"

"हौ."

"अन् मी त्याच्या लेकराबाळायले सरापून राह्यली होती! फोन लाव त्याले. माफी माग."

"अन् तुई?"

"माई माफी मागून बांधी वापस येते का?"

फोन लावला. तो "बोला काका" म्हणाला आणि मी पाऊसपाण्याची चौकशी करत बसलो. बहिणीनं फोन हिसकून घेतला.

"भाऊ," ती त्या परक्या माणसाला म्हणाली, "तुमचा काई दोष नवता."

मला तिनं त्यानंतर भाऊ म्हटलेलं नाही. "सैपाक झाला," एवढंच म्हणून ताट सरकवते.