एका दाताची चूक

डिझेलच्या धुराचा वास आला की मला मोहाडीतली ती दुपार आठवते. घरचा हातमाग विकून मी जुनं इंजिन आणि धान कांडायची चक्की घेतली होती. इंजिन बंद पडलं तर दुसऱ्याच्या मागावर मजुरीला बसणं आलं. गावातल्या मिस्त्रीने दट्ट्याच्या रिंगा बदलल्या आणि तेव्हापासून इंजिन सुरूच होईना. "खतम झालं ना बाप्पा! भंगारात मीच घेतो," तो म्हणाला. घ्यायची इतकी घाई करणाऱ्या गिऱ्हाइकावर मी कधीच विश्वास ठेवत नाही. त्याला हाकलून मी वरचं झाकण उघडलं, डिझेल फवारणारं नोझल काढून त्या छिद्रातून सायकलची तार दट्ट्यावर सोडली आणि चाक हाताने हळूहळू फिरवलं. दट्ट्याबरोबर तार वर-खाली होई, आणि दोन रॉकर, म्हणजे वरचे छोटे आडवे दांडे, आळीपाळीने वॉल्व्ह दाबत. बायको निरखत म्हणाली, "हे तं मागाच्या पायपट्ट्यावानी आहे जी. एक उठते, दुसरी दबते, अन् मधात दोघी बरोबरीत येतात. इथं तार माथ्यावर गेली, तरी एक दबूनच काहून राहिला?" खरंच, तार माथ्यावर असतानाच दोन्ही रॉकर बरोबरीत यायला हवेत; इथे ती खाली उतरू लागल्यावर ते बरोबरीत येत होते. मिस्त्रीने इंजिन खोललं तेव्हा वॉल्व्ह चालवणारं आतलं दातेरी चाक एक दात चुकवून बसवलं होतं. ते एक दात सरकवून, सगळं पुन्हा जोडून मी हँडल मारलं. इंजिन धडधडलं. "बलावू का मिस्त्रीले, भंगार न्यायले?" बायको हसली. मिस्त्री रस्त्यात दिसला की अजून माझं डोकं फिरतं. पण तो वास आला की आधी छाती हलकी होते, शिव्या मागाहून सुचतात.