दोऱ्याचा फास

"मोजे घालून उघडून पाहा, भाऊ," असं म्हणून बाई पाकीट माझ्यापुढे धरायच्या. ऑक्टोबरचा उकाडा, वडशाचं पत्र्याचं गोदाम, आणि त्यात कोपरापर्यंतचे जाडजूड हातमोजे चढवून मी ते पाकीट उघडून दाखवायचं. तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता. मीही हसायचो.

वडशाची एक मुलगी धरून सहा जणी उत्तरेकडच्या गोठलेल्या समुद्रावरून चालत जाणार होत्या. त्यांचं सामान मी बघायचो आणि जेवण बाई. रोज कुरखेड्याहून बसने यायच्या. शिजवून वाळवलेला डाळभात, मोहाचे लाडू, सगळं एकेका जेवणापुरतं भरायच्या. बर्फ त्यांनी फक्त लग्नातल्या सरबताच्या पिंपात पाहिला होता. तरी पाकिटाच्या कडेला छोटी चीर देऊन तिथे दोऱ्याचा फास बांधायची युक्ती त्यांचीच. मोज्यासकट बोट अडकवून ओढलं की पाकीट उघडायचं. "तिथी मोजा काढला का बोट गेलं समजा," असं सांगायच्या, जणू दर हिवाळ्यात तिकडे जाऊन येत होत्या.

सामान पाठवायच्या दिवशी गाडीची वेळ झाली तरी एका खोक्यातल्या पाकिटांना फास बांधायचे राहिले होते. बाईंनी तासभर मागितला. मी ऐकलं नाही. दातांनी फाडतील, म्हणालो आणि खोकं मीच चिकटपट्टी लावून बंद केलं.

मोहिमेच्या शेवटी तेच खोकं निघालं. पाकीट उघडेना, म्हणून वडशाच्या मुलीने मोजा काढला. तिच्या दोन बोटांची टोकं गेली.

बातमी आल्यावर मोहीम काढणाऱ्यांच्या बैठकीत विचारलं गेलं, ते खोकं कुणी भरलं? मी म्हणालो, बाईंनी. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणूनच तर ते म्हणणं मला जमलं. बाई दाराजवळ बसल्या होत्या. माझ्याकडे एकदा पाहून म्हणाल्या, "हो, माह्यावालेच पाकिटं होते." त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगायचं ठरलं. ते काम माझ्यावर आलं आणि मी ते केलंही.

मुलगी परतल्यावर त्यांना भेटायला कुरखेड्याला निघाली. मलाही चला म्हणाली. मी काहीतरी निमित्त काढलं. संध्याकाळी येऊन सांगू लागली, बाईंनी तिचा हात बराच वेळ हातात धरला होता आणि म्हणाल्या, "भाऊनं थांबाले सांगतलं होतं, पोरी. मलेच बसची घाई होती."

तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. मी तिला चहा घेणार का विचारलं.

यंदा धानाच्या कापणीआधी बाई गेल्या. हे सगळं मी पहिल्यांदाच सांगतोय, तेही त्या नसताना. मुलगी कुरखेड्याला गेली त्या दिवशी तिच्याजवळ त्यांनी माझ्यासाठी मोहाच्या लाडवांचं एक पाकीट दिलं होतं. कडेला दोऱ्याचा फास आहे. बोट अडकवून ओढायचं, एवढंच. ते अजून मला जमलेलं नाही.