करवतीनं मागितलेला जामीन

रिफायनरीत तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे करवत. पाइपांवरचे वेल्डिंगचे जोड तपासणं हे तिचं काम. तिनं खडूनं फुली मारली की तो जोड कापून नव्यानं करण्यावाचून गत्यंतर नसे.

आधी ती स्वतःच वेल्डर होती. नवऱ्याबरोबर पत्र्याच्या शेडमध्ये धंदा सुरू केला, तेव्हा हात तिचे आणि जीभ त्याची. तो गोड बोलून कामं आणी, ती जोडून देई. धंदा वर आला तसा त्यानं दुसरा संसार थाटला. एवढ्यावर थांबला असता तर ती रडून मोकळी झाली असती. पण एका कारखान्यात त्यांनी केलेली वाफेची लाइन फुटली. वेल्डिंगचे ओल लागलेले स्वस्त रॉड त्यानं आणले होते, खापर मात्र तिच्या माथी फोडलं. "संसाराचं दुःख घेऊन काम करते, जोड कसला धरणार?" असं चार माणसांत बोलला. तिचा परवाना गेला. तेव्हाच तिनं मनाशी गाठ बांधली.

तपासनीसाच्या परीक्षा देत देत ती देशोदेशी रिफायनऱ्या असलेल्या या कंपनीत शिरली आणि दबा धरून बसली. ठेकेदाराला आज ना उद्या मोठ्या कंपनीच्या दारात यावंच लागतं.

तो आला. काही वर्षांनी एकदा सगळी रिफायनरी बंद करून तिची दुरुस्ती करतात, त्या शटडाउनला. भट्टीतून मनोऱ्याकडे जाणारी लाइन त्याच्या वाट्याला आली होती. ही लाइन म्हणजे कारखान्याचा गळाच. कच्चं तेल भट्टीत साडेतीनशे अंशांवर तापतं, अर्धंअधिक वाफ होऊन या पाइपातून मनोऱ्यात शिरतं. तिथं हलकं ते वर चढतं, जड ते खाली राहतं. माथ्याशी गॅस आणि पेट्रोल, मध्ये विमानाचं इंधन, त्याखाली डिझेल, आणि तळाला डांबरासारखा काळा गाळ.

"ओळखलंस का?" त्यानं हसत विचारलं.

"तुला नाही. तुझे जोड ओळखीन."

पहिल्याच आठवड्यात त्याच्या लाइनीवर फुल्यांचा पाऊस पडला. बहुतेक रास्त होत्या, एक नव्हती. ती मारताना तिला ठाऊक होतं, आणि मारताना बरं वाटलं होतं. ठेकेदारानं कांगावा केला, साहेबांनी त्या जोडाचा एक्स-रे पुन्हा पाहिला. जोड आरशासारखा स्वच्छ निघाला.

"बाई, घरची धुणी इथं धुवायची नाहीत," साहेब म्हणाले, आणि ते काम दुसऱ्या तपासनीसाकडे दिलं.

शटडाउन संपत आला तेव्हा ती शेजारच्या मचाणावर होती. पलीकडे ठेकेदाराचा माणूस एका वळणाच्या तुकड्याला, ज्याला कोपर म्हणतात, ग्राइंडर लावत होता. त्या लाइनीत क्रोम मिसळलेलं पोलाद लागतं. त्याच्या ठिणग्या मोजक्या, आखूड, तांबूस उडतात. या मात्र लांबवर जाऊन पांढऱ्याशुभ्र फुटत होत्या. म्हणजे साधं लोखंड! बाहेरून दोन्ही जुळ्या भावांसारखे. पण तापलेल्या तेलातलं गंधक साध्या लोखंडाला आतून कुरतडत जातं.

ती खाली उतरून तिकडे पोचेपर्यंत कोपर दुसरीकडे हलवला होता. पुन्हा दिसला तो लाइनीत बसलेला, उष्णता राखणारी लोकर गुंडाळून वर पत्रा ठोकलेला.

साहेबांच्या खोलीत ठेकेदार आधीच खुर्चीत बसला होता.

"आवरण उघडायचं म्हणजे भट्टी एक दिवस उशिरा पेटणार," साहेब म्हणाले. "तेही ठिणग्या पाहून? तुमच्या शब्दावर मी कसा विश्वास ठेवू, तुम्हीच सांगा."

ती एक खोटी फुली आडवी आली होती. ठेकेदार मिशीत हसला. त्या हसण्यानं तिला वाट सुचली.

"खरं आहे, साहेब. मग याच्या शब्दावर ठेवा." ती ठेकेदाराकडे वळली. "तुझ्या त्या घरचा मुलगा इथं शिकाऊ म्हणून लागतोय ना?"

"त्याचं काय?"

"साहेब, त्याला याच युनिटवर घाला. प्रत्येक पाळीत त्या कोपराखालून फेरी असते. आज काही होणार नाही, उद्याही नाही. झिजत झिजत एक दिवस फुटेल. माल चोख असेल तर बाप हो म्हणेल. तो हो म्हणाला की मी राजीनामा देते."

विषय संपवायला साहेब म्हणाले, "अहो, म्हणून टाका हो. माझी हरकत नाही."

ठेकेदारानं घसा खाकरला. "त्याला... धुराचा त्रास होतो. गोदामात बरा."

"भट्टीचं युनिट शिकायला सगळ्यात चांगलं," साहेब म्हणाले, आता जरा सावकाश.

"पोराला मध्ये आणू नकोस!" तो तिच्यावर ओरडला.

साहेबांनी फोन उचलला. "पत्रा काढा."

तपासणीच्या यंत्रानं क्रोम शून्य दाखवलं. संध्याकाळच्या आत, जगात जिथं जिथं कंपनीची रिफायनरी होती तिथं तिथं ठेकेदाराला दार बंद झालं. तो सामान भरत असताना ती मुद्दाम फाटकाशी जाऊन उभी राहिली आणि त्याची मान खाली जाईपर्यंत हलली नाही. कित्येक वर्षांत तिला इतकी कडकडून भूक लागली नव्हती. कॅन्टीनमध्ये ती पोटभर जेवली.

मुलाची नोकरीही गेली. तो तिला बसथांब्यावर गाठायला आला. वडिलांचेच खांदे, पण बोलणं हळू.

"मोठी आई," तो म्हणाला. असं तिला कुणी कधी म्हटलं नव्हतं. "बाबा हो म्हणाले असते तर?"

"तर मी हरले असते."

"मी माझं विचारतोय."

बस आली, थांबली, गेली. ती चढली नाही.

"तर तू त्या कोपराखालून फिरला असतास," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि रस्ता ओलांडून निघून गेला.

नवा कोपर तिनंच तपासला आणि भट्टी पेटली. नवऱ्याचं जे झालं त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. कुणी विचारलं तर ती तसं ठणकावून सांगे. मुलासाठी शब्द टाकावा असं मात्र दोनदा मनात आलं, आणि दोन्ही वेळा ती साहेबांच्या दारावरून सरळ पुढं गेली.